वरसाव्याचं वाजवी भाडं

विमा म्हणजे विश्वास, आणि विश्वास जगात कुठे विकत मिळत नाही. म्हणून अखंडदीप लाइफ इन्शुरन्स कंपनी तो भाड्याने घेत असे: वरसाव्याला, घोडबंदर रस्त्याला लागून, चौदा हजार चौरस फूट, फुटाला महिना पंच्याऐंशी रुपये. म्हणजे दरमहा बारा लाखांना दहा हजार कमी. ज्या गोदामाचं हे भाडं, ते अखंडदीप इस्टेट्स या कंपनीचं होतं. नाव सारखं असलं तरी कंपन्या वेगळ्या होत्या, हे दोघींच्या लेटरहेडवर अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असे.

गोदामात पॉलिसीधारकांचे जुने कागद होते. चारशे बारा पेट्या. त्या राखायला सहादेव हत्तीअंबिरे हा माणूस होता. वय छप्पन्न, पद असिस्टंट मॅनेजर, हाताखाली कुणी नाही, डोक्यावर नऊ जण. मूळचा लातूरकडचा, मग चेंबूरला भाड्याने, मग कर्ज काढून मिरा रोडच्या शांती नगरात दीड खोलीचा मालक. आडनाव लांबलचक असल्यामुळे हेड ऑफिसात त्याला कुणी आडनावाने हाक मारत नसे. तसं पाहिलं तर हाकच कुणी मारत नसे.

चारशे बारा पेट्या एका कोपऱ्यात आठशे फुटांत मावल्या होत्या. उरलेल्या तेरा हजार दोनशे फुटांत अखंडदीप इव्हेंट्स या तिसऱ्या कंपनीने एजंटांच्या वार्षिक मेळाव्याचं सामान आणून टाकलं होतं. थर्माकोलचे खांब, लाल गालिच्यांच्या वळकट्या, दीडशे सोनेरी खुर्च्या आणि बारा फूट उंचीची फायबरची समई. वातींच्या जागी बल्ब. या सामानाचं भाडं इव्हेंट्स कंपनी देत नसे, कारण घरचंच होतं. लाइफ कंपनी इस्टेट्सला देत असे, कारण तो व्यवहार होता. घरचं कुठे संपतं आणि व्यवहार कुठे सुरू होतो, हे सबंध समूहात चारच माणसांना नेमकं ठाऊक होतं, आणि ते चौघे सख्खे भाऊ होते.

अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी कराराची मुदत संपत आली आणि हेड ऑफिसातून परागचा फोन आला.

पराग हा ॲडमिनचा प्रमुख, सहादेवपेक्षा अठरा वर्षांनी लहान. तो सगळ्यांना 'सर' म्हणे आणि नंतर काम सांगे.

"सहादेव सर, एक छोटंसं काम होतं. वरसाव्याचं भाडं आर्म्स लेंथ आहे, असं दाखवायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे इस्टेट्स आपली कोणी लागत नाही असं समजायचं. बाजारात गेलो असतो तरी हेच भाडं पडलं असतं, असं सिद्ध करायचं. तीन कोटेशन्स. एक इस्टेट्सचं, दोन बाहेरची. बाहेरची आपल्या वर पाहिजेत, एवढंच."

"दरवेळी तर इस्टेट्सवालेच आणून देतात ना तिन्ही?"

"तेच झालं ना सर. ऑडिट कमिटीवर एक नवीन मॅडम आल्यात, रिटायर्ड प्रोफेसर. त्यांनी मागच्या वेळची दोन कोटेशन्स शेजारीशेजारी ठेवली. दोन वेगळे मालक, पण सही एकाच पेनाने, आणि दोघांनी ती एकाच जागी सुरू करून एकाच जागी संपवलीय. आता त्या म्हणतात, जागेवरच्या माणसाने स्वतः फिरून आणा, मालकाच्या फोन नंबरासकट."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर गोदाम बंद. पेट्या इंदूरला. तिथे अखंडदीप डिजिटलची नवीन बिल्डिंग आहे. पेट्यांबरोबर तुम्ही पण इंदूर. चांगलं शहर आहे सर, पोहे वगैरे."

सहादेवला एक शंका आली. "इंदूरचा रेट वाजवी कसा ठरला?"

"तेव्हा तुलनेला वरसावा धरला होता," पराग म्हणाला. "पण ते जाऊ दे. मंगळवारच्या मीटिंगआधी पाठवा."

इंदूरबद्दल सहादेवच्या मनात काही वाकडं नव्हतं. अडचण दुपारी एकची होती. त्याची आई केसरबाई ब्याऐंशी वर्षांची होती, तिला काचबिंदू होता, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की दिवसातून चार वेळा थेंब पडले नाहीत तर उरलेली नजरही जाईल. सकाळचे, संध्याकाळचे आणि रात्रीचे थेंब घरातलं कोणीही घालू शकत होतं. दुपारी घरात कोणी नसे. बायको अनसूया भाईंदरच्या शाळेत शिकवायची. तिची अजून चार वर्षं बाकी होती. शेजारणीला एकदा सांगून पाहिलं, तर केसरबाईने डोळे मिटून घेतले ते बाई जाईपर्यंत उघडले नाहीत. म्हणून सहादेव रोज साडेबाराला वरसाव्याहून स्कूटर काढी, घोडबंदर रस्त्याच्या ट्रकांमधून वाट काढत शांती नगरला येई, दोन डोळ्यांत दोन थेंब टाकी आणि परत जाई. जगातल्या कुठल्याही नोकरीत हे जमलं नसतं. रेकॉर्डच्या नोकरीत जमत होतं, कारण तो जागेवर नाही हे कळण्यासाठी तिथे आधी कुणीतरी यावं लागलं असतं.

त्या रात्री जेवताना त्याने आईच्या कानावर घातलं. केसरबाईने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"लातूर सोडलं. चेंबूर सोडलं. आता ह्ये आणि कुठलं काढलंस?"

"मी कुठे काढलं. कंपनी म्हणते."

"कंपनीला काय धाड भरली?"

सहादेवने समजावून सांगायचा प्रयत्न केला. कंपनीला भाडं द्यायचंय ते आपल्याच कंपनीला. पण ती आपली कोणी लागत नाही असं समजून द्यायचं. मग ते वाजवी.

केसरबाईने ऐकून घेतलं. "म्हंजी तुझा धाकला चुलता. बांध कोरताना तो बी असंच समजायचा. लगनात जेवायला मातर पंगतीत पयला."

"तसंच काहीसं."

"आन् पैसे कुणाचे?"

"पॉलिसीवाल्यांचे."

"त्ये कुठं असत्यात?"

"पेट्यांत," सहादेव म्हणाला.

अनसूया हसली नाही. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन कोटेशन्स आणायचीयत ना? मग आणा. एवढं तोंड काय पाडायचं? शेजारी गाळेच गाळे आहेत."

*

शेजारचा गाळा हंसाबेनचा होता. हंसाबेन प्लास्टिकच्या बादल्यांचा घाऊक धंदा करी, आणि अर्धा गाळा एका कुरियरवाल्याला तिने भाड्याने दिला होता. सहादेवचं आणि तिचं सात वर्षांचं शेजारपण होतं. तिच्याकडचा चहा आणि त्याच्याकडचं वर्तमानपत्र यांची रोज अदलाबदल चाले. कुठलाही करार नसलेला असा एवढाच व्यवहार त्या रस्त्यावर होता.

"आव, आव, सहादेवभाई. बसा ने. पेपरमां काय?"

"पेपर राहू दे, हंसाबेन. एक कागद पाहिजे होता." त्याने सगळं सांगितलं. "गाळा द्यायचा नाही. फक्त लिहून द्यायचं, की असा गाळा द्यायचा झाला तर फुटाला नव्वद घेईन."

"नव्वद!" हंसाबेनने बादलीवरचा हात काढला. "तबियत ठीक छे ने?"

"मला माहीत्ये हो. पण कागदावरच."

"कागदावरच प्रॉब्लेम आहे, भाई. कुरियरवाल्याचा करार बघा माझा." तिने गल्ल्याखालून फाइल काढून उघडली. "अकरा रुपये फूट. रजिस्टर केलेला. त्याच्यावर घरपट्टी लागते. नव्वद लिहून दिले तर माझी घरपट्टी कोण भरणार, तुमची लाइफ इन्शुरन्स?"

"खरं किती देतो तो?"

"तीस. अकरा चेकने, एकोणीस असेच." 'असेच' म्हणताना तिने हवेत जो हात फिरवला, तो हिशेबाच्या कुठल्याच वहीत बसला नसता.

"मग तीसचं द्या निदान."

"तीस तर खरं आहे. खरं कोणी लिहून देतं का?" हंसाबेन खरोखरच दुखावली. "अने सांभळो, ऐका जरा, अकराचा एक कागद फिरतोय, नव्वदचा दुसरा फिरणार. माणसं एकमेकाला भेटत नाहीत, सहादेवभाई. कागद भेटतात."

सहादेव मग आणखी तीन गाळ्यांत जाऊन आला. मार्बलवाल्याच्या कागदावर बारा होते, टायरवाल्याच्या दहा. फर्निचरवाल्याच्या कागदावर गाळा त्याच्या मेहुण्याचा होता आणि भाडं शून्य. ज्याने त्याने आपापल्या सोयीने आकडा खाली दाबून ठेवला होता, आणि अखंडदीपने आपल्या सोयीने तोच वर फुगवला होता. सगळ्या पट्ट्याचं खरं भाडं तीस होतं, हे सगळ्यांना पाठ होतं, आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

संध्याकाळी हंसाबेनने दया येऊन त्याला एक पत्र दिलं. स्वच्छ टाइप केलेलं, शिक्क्यानिशी. दर: फुटाला अकरा.

"रिकाम्या हाती कसे जाणार," ती म्हणाली.

*

रविवारी सहादेव उत्तनच्या पुढे चौकला गेला. कोटेशनसाठी नाही, आईच्या बोंबलांसाठी. लातूरकडची बाई, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो साठीनंतर, पण सुके बोंबील तिला जन्मभर लागायचे. बाजारातल्या बोंबलांना माती लागते असा तिचा दावा होता. म्हणून महिन्यातून एकदा चौक, आणि चौकला शेवंतीबाई.

शेवंतीबाई कोळीण, साठी उलटलेली, ओट्यावर सुकी मासळी घेऊन बसायची. अनसूया शिक्षिका आहे असं कधीतरी बोलण्यात निघालं होतं, तेव्हापासून ती सहादेवलाच मास्तर म्हणे.

"काय मास्तर, म्हातारीला कडक पायजेल का नरम?"

"कडक. मागचे नरम निघाले तर मला दोन दिवस ऐकवलं."

"दात हायेत का तिला?"

"दात नाहीत. मत आहे."

शेवंतीबाई खळखळून हसली आणि मूठभर बोंबील वर टाकले. ती पिशवी बांधत असताना सहादेवची नजर तिच्या मागच्या भिंतीवर गेली. भिंत नवी होती. शेवंतीबाईच्या मुलांनी कर्ज काढून तिथे मासळी साठवायचं कोल्ड स्टोरेज बांधलं होतं. भिंतीवर निळ्या रंगात हातभर अक्षरं होती: 'जागा भाड्याने. फुटाला ९५ महिना. लाइट बिल धरून. उधारी नाही.'

सहादेवने ते दोनदा वाचलं.

"शेवंतीबाई, हा भाव खरा आहे?"

"मंग? खोटा लिवाला भिंत कशाला रंगवू?"

"पंच्याण्णव कोण देतं?"

"देतात ना. मासली नासली तं किती जातंय? आनी लायटीचा बिल बगशील तं तुना चक्कर येल." तिने डोळे बारीक केले. "तुमाला पायजे जागा? काय ठेवनार?"

"कागद."

"बर्फान कागद?"

"जुने आहेत. बरेचसे मेलेल्या माणसांचे."

"मंग ठीक हाय," शेवंतीबाई म्हणाली. "ते पन नासतात."

लिहून द्यायला तिने एका मिनिटाचीही घासाघीस केली नाही. "भितीवर लिवलाय, तं कागदावर लिवाला काय झाला?" मुलाचं बिलबुक मागवलं, दर लिहिला, अंगठ्याएवढी सही केली, फोन नंबर टाकला. वर बजावलं, "कमी न्हाय होनार हां. आताच सांगून ठेवते."

साऱ्या प्रकरणातला हा एवढा एकच कागद खरा होता. सहादेवने तो घडी करून पिशवीत ठेवला, बोंबलांच्या शेजारी.

घरी येऊन तो हेड ऑफिसचा फॉर्म भरायला बसला. 'तुलनीय जागेचं वर्णन' या रकान्यापाशी तो बराच वेळ थांबला. फॉर्ममध्ये बारा रकाने होते. मजले किती, छत काँक्रीटचं की पत्र्याचं, ट्रक आत येतो का, रखवालदार आहे का. आत काय साठवतात हे कुणी विचारलेलं नव्हतं. शेवटी त्याने लिहिलं: 'तापमान-नियंत्रित साठवण सुविधा, मिरा-भाईंदर महापालिका हद्दीत.' मग पुन्हा वाचून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही ते वाचून त्याला बरं वाटेना.

"झालं का?" अनसूयाने विचारलं.

"झालं. खाली माझी सही आहे."

"मग?"

"उद्या कोणी विचारलं तर सही माझी आहे, एवढंच म्हणतोय. भाडं मी घेत नाही, देत नाही. सही मात्र करतो."

"तुमच्याएवढ्या पगारात कोणी भाडं घेतही नाही," अनसूया म्हणाली. "झोपा."

*

सोमवारी दुपारी बारा वाजता अंतर्गत ऑडिटमधून रुचिता नावाची मुलगी टॅक्सीने आली. वय तिशीच्या आत, सी.ए., घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पावणेदोन तास काढलेले. पहिला प्रश्न तिने बाथरूम कुठे आहे हा विचारला. दुसरा प्रश्न परत आल्यावर विचारला.

"हे काय आहे?"

"समई," सहादेव म्हणाला.

"आपली?"

"समूहाची."

"आणि हे खांब, या खुर्च्या? यांचं भाडं कोण देतं?"

"घरचंच आहे."

रुचिताने पेन उघडलं, समईच्या टोकापर्यंत पाहिलं, आणि पेन मिटलं. "माझ्या स्कोपमध्ये नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ज्या माणसाने एकाच आठवड्यात पाच गोदामं पाहिलीत, त्याचा तो आवाज होता.

सहादेवने तिला बसायला सोनेरी खुर्ची दिली, कारण दुसरी नव्हती. तिने दोन्ही कागद घेतले. हंसाबेनचं पत्र तिने चटकन बाजूला ठेवलं. "अकरा? असा रेट असतो का कुठे? हे कोणीतरी मुद्दाम दिलेलं आहे." मग शेवंतीबाईचा कागद उचलला आणि नाकापासून जरा लांब धरला.

"याला वास कसला येतोय?"

"समुद्राजवळचं आहे ते."

"हं." तिने फोन स्पीकरवर टाकून नंबर लावला. "हॅलो, शेवंतीबाई का? तुमच्या जागेचा रेट पंच्याण्णव आहे ना?"

"हां. कमी न्हाय होनार," पलीकडून आवाज आला, मागे कावळ्यांचा कालवा. "परवा मुंबईचा एक शेट आलाता, त्याला पन न्हाय बोलली. जागा पायजे तं लवकर सांगा, दिवालीच्या आत भरून जाल."

रुचिताने फोन ठेवला आणि लिहिलं: 'दराची खातरजमा केली. मागणी जोरात.' बिनचूक काम झाल्यावर येतं तसं थोडंसं तेज तिच्या चेहऱ्यावर आलं. ते पाहून सहादेवला राहवेना.

"मॅडम, एक सांगायचं होतं. ते मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे."

रुचिताने पेन मांडीवर ठेवलं.

"सर," रुचिता म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंत?"

"खरं आहे म्हणून."

"तीन मीटिंगा झाल्या. तीनदा हा पॉइंट ओपन राहिला, तीनदा मी शिव्या खाल्ल्या. इस्टेट्सवाले म्हणतात लाइफला विचारा, लाइफवाले म्हणतात इस्टेट्सला, आणि दोन्हीकडे फोन उचलणारा माणूस एकच आहे. मला फक्त पॉइंट क्लोज करायचाय." तिने फॉर्म उलटासुलटा केला. "आत काय साठवतात, असा रकाना आहे का यात?"

"नाही."

"मग." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तुमचं काय अडलंय पण? इंदूरला भत्ता मिळाला असता. लोक मागून घेतात."

सहादेवने तिला थेंबांचं सांगितलं. तीनचार वाक्यांत, ऑफिसातला माणूस घरचं सांगतो तसं, भिंतीकडे बघत.

"किती वाजता घालायचे असतात?"

"एक वाजता."

रुचिताने मनगट पाहिलं. "सर, एक वाजून दहा झालेत."

सहादेव उठून चालायला लागला, मग थबकला. ऑडिट चालू असताना जागा सोडणं हे नियमाबाहेर होतं. "जा हो," रुचिता म्हणाली. "मी आहे इथे. माझ्याही आजीला होतं ते."

तो घरी पोचला तेव्हा केसरबाई पलंगावर उताणी पडून, डोळे छताकडे लावून तयार होती.

"कितीचा टाइम हाय?" तिने विचारलं.

"उशीर झाला. ऑडिट आलंय."

"कोण आलंय?"

"एक मुलगी. बरी आहे."

थेंब पडले. केसरबाईने डोळे मिटले आणि औषध गालावरून ओघळू नये म्हणून पदराचं टोक कोपऱ्याशी धरलं. "मंग त्या पोरीला सांग," ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "म्हातारी इंदुराला येत न्हाई."

तो परत वरसाव्याला आला तेव्हा रुचिता सोनेरी खुर्चीत, समईच्या पायथ्याशी, मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती.

*

मंगळवारी कमिटी बसली. बुधवारी परागचा फोन आला.

"सहादेव सर, फँटॅस्टिक! करार पास. नऊ वर्षं, थेट दोन हजार चौतीसपर्यंत!"

सहादेव पेटीवर बसला. नऊ वर्षं. त्याची स्वतःची दोनच उरली होती. "म्हणजे इंदूर नाही?"

"कसलं इंदूर! अकराचं कोटेशन कमिटीने संशयास्पद म्हणून बाद केलं. पंच्याण्णवचं ग्राह्य धरलं. तीन कोटेशन्सचा नियमही पाळला गेला. फक्त त्या प्रोफेसर मॅडमनी एक मुद्दा काढला."

"काय?"

"त्या म्हणाल्या, बाहेरचा माणूस पंच्याण्णवमध्ये तापमान-नियंत्रित जागा देतो, तर आपल्या पॉलिसीधारकांचे कागद उन्हात का? बरोबर आहे ना, सर. त्यामुळे आता आपण पण एसी बसवतोय. काम अखंडदीप फॅसिलिटीज करणार."

"आणि भाडं?"

"सुविधा सारखी, तर दर सारखा. पंच्याण्णव. म्हणजे आता कोणी बोटच ठेवू शकत नाही. एकदम तंतोतंत."

"पण त्यांच्या पंच्याण्णवमध्ये लाइट बिल धरलेलं आहे," सहादेव म्हणाला.

"तो त्यांचा प्रश्न आहे, सर," पराग म्हणाला. "आपलं बिल लाइफ भरेल."

बाहेरच्या ओट्यावर हंसाबेन चहा घेऊन उभी होती. सहादेवने तिला सांगितलं, तुमचा कागद संशयास्पद ठरला. हंसाबेनने कपाळाला हात लावला.

"रजिस्टर केलेला होता, भाई!"

पंधरा दिवसांनी फॅसिलिटीजची माणसं आली. त्यांनी मोजमापं घेतली. मोकळी हवा फिरायला जागा मधोमधच होती, म्हणून मोठे पाइप समईवरून गेले आणि खुर्च्यांवर थंड झोत सोडला गेला. पेट्यांच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत तो कोमट होई. आतलं तापमान अठरा अंश ठरवून कुलूपबंद केलं. ते बदलायची किल्ली हेड ऑफिसात. सहादेवने आपली खुर्ची दाराबाहेर, हंसाबेनच्या बादल्यांच्या रांगेपाशी आणून ठेवली. साडेबाराला तो स्कूटर काढी. एक वाजता थेंब पडत. डॉक्टरांनी महिन्याभराने तपासून सांगितलं की डोळ्यातला दाब आहे तिथेच आहे, आणि या वयात आहे तिथेच असणं म्हणजे सुधारणाच. केसरबाईने ते सगळ्या मजल्याला ऐकवलं.

तेवढ्यात रुचिताची मेल आली. एसीच्या खर्चाची फाइल पुरी करायला पेट्यांची यादी हवी होती. पेटीचा नंबर, आतल्या पॉलिसी, त्या कधी संपल्या, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे ते कागद कधीपर्यंत जपणं आवश्यक आहे.

सहादेवने चार दिवस खपून यादी केली. अनसूयाचा जुना स्वेटर घालून आत बसला, पेटी पेटी उघडली, धूळ झटकली, तारखा उतरवल्या. ही सगळी पॉलिसीखाती अखंडदीपने कधीकाळी एका बुडत्या कंपनीकडून घेतली होती आणि थोड्याच वर्षांत निकालात काढली होती. नियम साधा होता: पॉलिसी संपल्यापासून दहा वर्षं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने यादी पाठवली. दहा मिनिटांत रुचिताचा फोन आला.

"सर, मिळाली. थँक्यू." ती म्हणाली. "तो शेवटचा रकाना आहे ना, कधीपर्यंत जपायचे, तो काढून परत पाठवाल का?"

"तुम्हीच मागितला होता."

"हो. पण फाइलला नाही लागत तो. आई कशा आहेत?"

"बरी आहे."

"बरं. मग पाठवा लगेच, मी थांबलेय."

सहादेवने रकाना काढला आणि यादी परत पाठवली. त्या रकान्यात चारशे बारा तारखा होत्या, आणि त्यांतली सगळ्यात उशिराची तारीख एकतीस मार्च दोन हजार चौदा ही होती.